वडीलधाऱ्यांची वेदीपाशी आठवण



आपल्या धर्मग्रामात कुणाच्या घरी वृद्ध माणूस देवाघरी गेले, की त्या रात्री शेजारीपाजारी रोझरीसाठी जमतात. आम्हीही जातो. अंगणात खुर्च्या मांडलेल्या असतात, आत क्रुसापाशी मेणबत्ती तेवत असते. रोझरी आणि लितानी आटोपली की जो तो घरच्यांचा हात हातात घेऊन काहीतरी बोलतो. शब्द बहुधा ठरलेले असतात. ‘वय झालं होतं.’ ‘सुटल्या बिचाऱ्या.’ ‘नातवंडं-पतवंडं पाहिली, आणखी काय हवं?’ ‘आता रडायचं नाही.’

हे सगळे चांगल्या मनाने बोलले जाते. पण त्याने घरच्यांचे मन भरते का, हा प्रश्न आम्हांला एका घरी पडला. तिथल्या सासूबाई कित्येक वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचे सगळे सून करीत होती. रोझरी संपली, माणसे पांगली, तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून हळूच म्हणाली, “आई गेल्या त्या सकाळी माझ्या मनात पहिला विचार आला, की आज दुपारी झोपता येईल. माणसाला असं वाटावं का हो?” आणि तिला रडू कोसळले. आमच्यापैकी कुणालाच पटकन उत्तर सुचले नाही. आजचा हा पाठ म्हणजे तिच्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

१. रडणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे

संत योहानच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय आपण अंत्यविधीच्या वेळी अनेकदा ऐकतो. बेथानी गावात लाजरस वारला. येशू तिथे पोहोचला तेव्हा त्याला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. येशूने मार्थेला सांगितले, की पुनरुत्थान आणि जीवन तो स्वतःच आहे. थोड्याच वेळात लाजरस कबरेतून बाहेर येणार हे त्याला ठाऊक होते. तरीही मरियेला आणि सोबतच्या लोकांना रडताना पाहून तो व्याकूळ झाला आणि स्वतः रडला. ज्याला पुढचे सगळे ठाऊक होते त्याच्याही डोळ्यांत पाणी आले, तर आपण आपले अश्रू कशासाठी लपवायचे?

संत पौलानेही थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, चौथ्या अध्यायात, शोक करू नका असे म्हटलेले नाही. ज्यांना आशा नाही अशांसारखा शोक करू नका, असे त्याचे सांगणे आहे. ख्रिस्ती माणूसही रडतो. फक्त त्याच्या रडण्याला एक दार असते आणि ते दार आतून बंद नसते.

वय झालेले असले म्हणून दुःख लहान होत नाही. नव्वद वर्षांचे आजोबा गेले म्हणजे त्यांच्या मुलाच्या आयुष्यातली साठ-पासष्ट वर्षांची सोबत गेली. लग्न ठरले, घर बांधले, बाळाचा स्नानसंस्कार झाला. प्रत्येक वेळी ज्यांना आधी विचारायचे ते माणूस आता नाही. ‘वय झालं होतं’ हे खरे आहे. पण ते सांत्वन नव्हे, ती नुसती माहिती आहे.

२. एका संताच्या आईचे मरण

संत ऑगस्टीन आपणा सर्वांना ठाऊक आहेत. त्यांची आई संत मोनिका. मुलगा देवाकडे वळावा म्हणून तिने वर्षानुवर्षे अश्रू ढाळले. अखेर ३८७ साली ईस्टरच्या जागरणविधीत मिलान शहरात संत आंब्रोज यांच्या हातून ऑगस्टीन यांचा स्नानसंस्कार झाला. त्यानंतर काही महिन्यांतच सारे कुटुंब आफ्रिकेतल्या आपल्या घरी परत जायला निघाले. रोमजवळच्या ओस्तिया बंदरात जहाजाची वाट पाहत असताना मोनिकेला ताप भरला आणि नवव्या दिवशी तिने देह ठेवला. तिला छप्पन्नावे वर्ष होते. आज या वयाच्या बाईला आपण म्हातारी म्हणणार नाही. पण आपल्या आईच्या मरणासमोर मुलाचे काय होते, हे त्या घटनेत जसे दिसते तसे फार थोड्या ठिकाणी दिसते, कारण ऑगस्टीन यांनी ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनाच्या नवव्या भागात ते सगळे मोकळेपणाने लिहून ठेवले आहे.

आईचे डोळे त्यांनी स्वतः मिटले. त्यांचा मुलगा अदेओदातुस आजीसाठी मोठ्याने रडू लागला, तेव्हा मोठ्यांनी त्याला गप्प केले. आई विश्वासात गेली आहे, मग आक्रोश कशाला, असे सर्वांना वाटत होते. एका सोबत्याने स्तोत्र गायला सुरुवात केली, बाकीच्यांनी साथ दिली. ऑगस्टीन कोरड्या डोळ्यांनी उभे राहिले. आपल्याला दुःख व्हावे याचाच त्यांना राग आला. स्नान केल्याने मन हलके होते असे ऐकून ते स्नानगृहातही जाऊन आले. काही उपयोग झाला नाही. मग ते झोपले. जाग आल्यावर एकटे असताना त्यांना आई आठवली, तिचा भक्तिभाव आठवला, मुलांवरची माया आठवली, आणि अडवून धरलेले अश्रू त्यांनी वाहू दिले. पुढे त्यांनी लिहिले, की जिने माझ्यासाठी कित्येक वर्षे अश्रू ढाळले त्या आईसाठी मी तासातला थोडा वेळ रडलो, तर वाचणाऱ्याने हसू नये. त्यापेक्षा माझ्यासाठी प्रार्थना करावी.

बंधुभगिनींनो, तो मुलगा बरोबर होता. मोठ्यांना ते उशिरा कळले. आपल्या घरातही नातवंडे रडली तर त्यांना गप्प करू नये.

मोनिकेची आणखी एक गोष्ट आज आपल्या धर्मग्रामातल्या अनेक घरांना जवळची वाटेल. आफ्रिकेत नवऱ्याच्या शेजारी आपले दफन व्हावे अशी तिची फार दिवसांची इच्छा होती. तशी तयारीही तिने करून ठेवली होती. आता मरण परक्या देशात येत होते. तिचा दुसरा मुलगा म्हणाला, की आपल्या गावी मरण आले असते तर बरे झाले असते. तिने नाराजीने त्याच्याकडे पाहिले. देह कुठेही ठेवा, त्याची चिंता करू नका, असे सांगून तिने मुलांकडे एकच मागणे मागितले: जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा.

आपली मुले आज आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात आहेत. कुणाला सुटी मिळत नाही, कुणाला तिकीट मिळत नाही, आणि आईचे शेवटचे दर्शन मोबाईलच्या पडद्यावर घ्यावे लागते. ‘मी पोहोचलो नाही’ हा सल मग वर्षानुवर्षे राहतो. अशा मुलाला मोनिका सांगते, की कबरेपाशी पोहोचता आले नाही तरी वेदीपाशी पोहोचता येते. दुबईतल्या चर्चमध्ये अर्पिलेली मिस्सा आणि आपल्या चर्चमध्ये अर्पिलेली मिस्सा एकच आहे. मोनिकेच्या कबरीवरच्या शिलालेखाचा तुकडा शतकानुशतके मातीत हरवला होता. १९४५ साली ओस्तियात खेळणाऱ्या मुलांनी खांब रोवण्यासाठी खड्डा खणला तेव्हा तो सापडला. तिची आठवण मात्र कधी तुटली नाही. आजही २७ ऑगस्टला जगभरच्या वेदीवर तिचे नाव घेतले जाते.

३. मन खाते त्याचे काय?

आता त्या सुनेचा प्रश्न घेऊ. दीर्घ आजारानंतर वृद्ध माणूस जाते तेव्हा घरच्यांना दुःखाबरोबर सुटका झाल्यासारखेही वाटते. रात्र-रात्र उठणे, कूस बदलणे, औषधाच्या वेळा, चादरी धुणे हे सगळे एकाएकी थांबते. शरीर थकलेले असते. ते विसावा मागते. हे पाप नव्हे. चार भिंतींच्या आत, कुणी पाहत नसताना तिने जे केले, ते मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभूने स्वतःसाठी केलेले मानले आहे. तिने आजाऱ्याची सेवा केली म्हणजे त्याची सेवा केली. तिला झोप हवीशी वाटली, यासाठी प्रभू तिच्यावर रागावेल असे आम्हांला वाटत नाही.

पण कधी कधी मनाला टोचणारी गोष्ट खरी असते. वडिलांवर आपण ओरडलो होतो. आई एकच गोष्ट दहा वेळा सांगत होती, तेव्हा आपण उठून गेलो होतो. जमिनीच्या वाटणीवरून वर्षभर अबोला धरला होता. आता क्षमा कुणाची मागायची?

पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ साली आशेविषयी लिहिलेल्या ‘स्पे साल्वी’ या परिपत्रकात यावर फार दिलासा देणारा विचार मांडला आहे. माणूस एकटे बेट नसते. आपली आयुष्ये एकमेकांत गुंतलेली असतात. म्हणून प्रेम मृत्यूच्या पलीकडेही पोहोचू शकते. गेलेल्या माणसाला आपण अजूनही माया देऊ शकतो, आभार मानू शकतो, आणि क्षमाही मागू शकतो. उशीर झाला असे इथे कधी होत नाही, असे ते समजावतात.

ख्रिस्तसभेची परगेटरीविषयीची शिकवण याच जागी उपयोगी पडते. लहानपणी आपल्याला ती आगीची, भीतीची गोष्ट वाटली असेल. खरे तर ती आशेची गोष्ट आहे. जे देवाच्या कृपेत मरण पावले, पण ज्यांचे शुद्धीकरण पुरे झालेले नाही, त्यांचे तारण निश्चित आहे. देवाला समोरासमोर पाहण्याआधी त्यांना शुद्ध केले जाते. त्या वाटेवर आपली प्रार्थना त्यांना साथ देते. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात यहूदा मक्काबी याने लढाईत पडलेल्यांच्या पापांसाठी यज्ञ व्हावा म्हणून वर्गणी गोळा करून यरुशलेमला पाठवली. मृतांसाठी प्रार्थना ही इतकी जुनी आहे.

तेव्हा ज्याचे मन खाते त्याने दोन गोष्टी कराव्यात. आधी प्रायश्चित्त संस्कार घ्यावा आणि ती गोष्ट नाव घेऊन देवापुढे मांडावी. मग गेलेल्या माणसासाठी मिस्सात सहभागी व्हावे. आणि भावंडांमध्ये अबोला असेल तर तो मोडावा. आईबापांना यापेक्षा मोठी भेट आपण देऊ शकत नाही.

४. वेळेवर बोलवा

एक गोष्ट मनाला लागते म्हणून स्पष्ट लिहितो. कधी कधी धर्मगुरूंना निरोप जातो तो माणूस गेल्यावर. आधी का नाही सांगितले असे विचारले तर उत्तर येते, “फादरना पाहून आजी घाबरली असती.”

हा गैरसमज जुन्या नावामुळे झाला. पूर्वी या संस्काराला ‘अंतिम अभ्यंग’ म्हणत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली सांगितले, की याला आजाऱ्यांचा अभ्यंग म्हणणे अधिक योग्य आहे, कारण तो फक्त शेवटचा श्वास मोजणाऱ्यांसाठी नाही. १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी त्याचा नवा विधी मान्य केला. गंभीर आजार झाला, मोठे ऑपरेशन करायचे आहे, किंवा वार्धक्याने शरीर फार क्षीण झाले आहे, अशा वेळी हा संस्कार घेता येतो. माणूस बरे होऊन पुन्हा आजारी पडले किंवा त्याच आजारात प्रकृती आणखी खालावली, तर तो पुन्हाही घेता येतो. धर्मगुरू कपाळाला आणि हातांना पवित्र तेल लावतात आणि प्रार्थना करतात. संत याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात याचा उल्लेख आहे. हा संस्कार मृताला दिला जात नाही. तो जिवंत माणसासाठी आहे. मात्र श्वास थांबला की नाही याची शंका असेल, तर धर्मगुरू तो देऊ शकतात. तेव्हा संकोच न करता कळवावे.

मरणाच्या दारात असलेल्या माणसाचा खरा अंतिम संस्कार म्हणजे ख्रिस्तशरीर. त्याला लॅटिनमध्ये ‘वियातिकुम’ म्हणतात, म्हणजे वाटेची शिदोरी. आपली माणसे गावाला निघाली की आई पदराखालून भाकरीची शिदोरी देत असे. लांबच्या वाटेला निघालेल्या त्याच आईला आपण उपाशी पाठवायचे का? गिळण्याची शक्ती, ओळखण्याची शुद्ध आहे तोवर ही शिदोरी तिला मिळाली पाहिजे. घाबरण्याचे म्हणाल, तर आमचा अनुभव वेगळा आहे. बहुतेक वृद्ध माणसे फादरांची वाट पाहत असतात, घाबरतो आपण.

५. अंत्यविधीतल्या खुणा

दुःखात आपण चर्चमध्ये उभे असतो, पण समोर काय चालले आहे याकडे लक्ष नसते. पुढच्या वेळी या तीन खुणा पाहा. शवपेटीवर पवित्र पाणी शिंपडतात ते स्नानसंस्काराची आठवण म्हणून. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी याच पाण्याने त्या बाळाचे नवे जीवन सुरू झाले होते. शवपेटीजवळ ईस्टरची मोठी मेणबत्ती पेटवतात, कारण त्या माणसाचे मरण ख्रिस्ताच्या मरणाशी आणि पुनरुत्थानाशी जोडले गेले आहे. धूप दाखवतात तो त्या देहाचा मान म्हणून. जो देह पवित्र आत्म्याचे मंदिर होता, जो पुन्हा उठणार आहे. सुरकुतलेला, वाकलेला, व्रणांनी भरलेला देह का असेना, ख्रिस्तसभा त्याच्यापुढे धूप जाळते. घरातल्या ज्या हातांनी तो देह शेवटपर्यंत पुसला, त्या हातांचाही तो मान आहे.

६. त्यानंतरची आठवण

सातव्या दिवसाची, महिन्याची आणि वर्षाची मिस्सा आपण सांगतो. ती प्रथा म्हणून उरकू नये. मिस्साचा हेतू ऑफिसात लिहून देणे पुरेसे नाही. घरच्यांनी स्वतः हजर राहून ख्रिस्तशरीर घ्यावे. आणि कुणाची ऐपत नसेल तर त्याने मागे राहू नये. गरजूंसाठी अर्पणाशिवायही मिस्सा अर्पावी, अशी ख्रिस्तसभेच्या कायद्यात धर्मगुरूंना आग्रहाची सूचना आहे.

२ नोव्हेंबर हा सर्व मृत भाविकांचा दिवस. सुमारे हजार वर्षांपूर्वी फ्रान्समधील क्लुनी मठाचे प्रमुख संत ओदिलो यांनी आपल्या मठांमध्ये तो पाळायला सुरुवात केली आणि पुढे तो जगभर पसरला. पहिले महायुद्ध चालू असताना, १९१५ साली, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी प्रत्येक धर्मगुरूला या दिवशी तीन मिस्सा अर्पिण्याची मुभा दिली. युरोपात घराघरांत मरण शिरले होते, तेव्हा ख्रिस्तसभेने लोकांना वेदीच दाखवली. त्या दिवशी आपण सिमेट्रीत कबर धुतो, फुले वाहतो, मेणबत्ती लावतो. मुलांनाही सोबत न्यावे आणि पणजोबांचे नाव वाचून दाखवावे. शेजारची एखादी कबर ओस दिसली तर एक मेणबत्ती तिथेही लावावी.

आपण मात्र नोव्हेंबरची वाट पाहायला नको. प्रत्येक मिस्सात प्रभुभोजनाच्या प्रार्थनेत मृतांसाठी मागणे असते. त्या क्षणी मनातल्या मनात त्यांचे नाव घ्यावे. मोनिकेने हेच मागितले होते.

या आठवड्यात आपण काय करू?

ज्या घरी नुकतेच मरण झाले आहे तिथे जाताना उपदेश घेऊन जाऊ नये. थोडा वेळ बसावे. गेलेल्या माणसाची एखादी चांगली आठवण सांगावी. पहिल्या आठवड्यानंतर गर्दी ओसरते. तेव्हा पुन्हा एकदा जावे, जमल्यास जेवणाचा डबा न्यावा. आपल्या घरात किंवा शेजारी कुणी वृद्ध, अंथरुणाला खिळलेले असेल आणि त्यांना ख्रिस्तशरीर मिळत नसेल, तर आजच धर्मगुरूंना कळवावे. आणि त्यांची सेवा करणाऱ्या माणसाला एक दुपार विसावा मिळावा म्हणून आपण तिथे जाऊन बसावे.

कुटुंबात बोलण्यासाठी

१. आपल्या घरातून गेलेल्या वडीलधाऱ्यांनी आपल्याला विश्वासाची कोणती गोष्ट शिकवली?
२. त्यांच्याशी बोलायची राहून गेलेली एखादी गोष्ट आहे का? ती आपण प्रार्थनेत कशी सांगू?
३. आपल्या घरात आज जे वृद्ध आहेत, त्यांची शेवटच्या दिवसांविषयीची इच्छा आपण त्यांना कधी विचारली आहे का?

त्या सुनेला आम्ही नंतर रविवारच्या मिस्साला पाहिले. ख्रिस्तशरीर घेऊन ती बाकावर परत आली आणि बराच वेळ डोळे मिटून बसली. आम्ही काही विचारले नाही. तिने कुणाचे नाव घेतले असेल, हे आम्हांला ठाऊक होते.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू लाजरसाच्या कबरेपाशी रडलास. आमच्या आजी-आजोबांना, आईवडिलांना आम्ही तुझ्या हाती देतो. त्यांनी आमच्यासाठी जे सोसले त्याचे फळ त्यांना दे. आम्ही त्यांना जे दुखावले त्याची आम्हांला क्षमा कर. ज्यांनी त्यांची सेवा केली त्यांना विसावा दे. आणि एके दिवशी आम्हां सर्वांना तुझ्या पित्याच्या घरी, एकाच मेजाभोवती, पुन्हा एकत्र आण. आमेन.